ज्याच्या कादंबरीने जग हलवलं त्याचे डोळे काचबिंदूने पोखरले, जेम्स जॉईसची गोष्ट आपल्या घरातल्या थेंबांच्या बाटलीपर्यंत येते

ठाण्याचं वर्तकनगर. मागे येऊरचा डोंगर, जवळच उपवन तलाव, म्हाडाच्या जुन्या बिल्डिंगा आणि त्यांच्या जागी उभे राहत असलेले टॉवर. इथल्या एखाद्या घरात फ्रीजचा दरवाजा उघडला की लोणच्याच्या बरणीशेजारी बोटभर उंचीची एक बाटली दिसते. आजोबांच्या काचबिंदूचे थेंब.

रात्री जेवणं झाली की आजोबा सोफ्यावर मान मागे टाकतात. एक थेंब डोळ्यात, दुसरा गालावर, तिसरा उशीवर. कधी सिरियलच्या नादात राहून जातं. कधी बाटली संपते आणि पेन्शन येईपर्यंत नवीन आणायची राहते. दुखत नाही, खुपत नाही, दिसतंही व्यवस्थित. मग एवढी कसली घाई, असं घरातल्या सगळ्यांनाच वाटतं.

काचबिंदूची खरी गोम इथेच आहे. या थेंबांनी दिसायला लागत नाही. जे दिसतंय ते टिकून राहतं. त्यामुळे थेंब काम करतायत की नाही हे पेशंटला कधी जाणवतच नाही.

ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर शंभर वर्षं मागे जावं लागतं. तेव्हा युरोपात एक लेखक होता, जगभर गाजलेला. त्याच्या डोळ्यांवर जवळपास डझनभर ऑपरेशन्स झाली. आयुष्याची वीसेक वर्षं तो थेंब, जळवा, पट्ट्या आणि अंधाऱ्या खोल्या यांच्यात अडकून होता. ज्या थेंबाने एक दुखणं आवरायचं, त्याच थेंबाने दुसरं भडकण्याची भीती होती.

त्याचं नाव जेम्स जॉईस.

२ फेब्रुवारी १८८२ ला आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात त्याचा जन्म झाला. घर आधी खाऊनपिऊन सुखी होतं. पण वडील जॉन जॉईस यांचा हात सढळ आणि दारूचा नाद मोठा. मालमत्ता गहाण पडत गेली, भाडं थकत गेलं आणि कुटुंब एका घरातून दुसऱ्या घरात बिऱ्हाड हलवत राहिलं. घरात दहा पोरं. जेम्स सगळ्यांत थोरला.

लहानपणापासून डोळे अधू. क्लॉन्गोज वुड नावाच्या बोर्डिंग शाळेत असताना चष्मा फुटला आणि तो काम टाळतोय असं समजून शिक्षकाने हातावर छड्या मारल्या. हा प्रसंग पुढे त्याने आपल्या पहिल्या कादंबरीत घातला. डोळ्यांचं दुखणं आणि त्याचं लिखाण यांची सोबत अशी शाळेपासूनच सुरू झाली.

१९०२ मध्ये पदवी घेतली आणि पठ्ठ्या डॉक्टर व्हायला पॅरिसला गेला. पैसे नव्हते, शिक्षण सुटलं. आई मरणपंथाला लागल्याची तार आली म्हणून १९०३ मध्ये परत आला. १९०४ मध्ये त्याला नोरा बार्नॅकल भेटली. हॉटेलात काम करणारी साधी मुलगी. १६ जून १९०४ ला दोघं पहिल्यांदा फिरायला गेले. पुढे त्याने आपली सगळ्यात मोठी कादंबरी याच एका तारखेवर रचली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोघांनी लग्न न करताच आयर्लंड सोडलं आणि आजच्या इटलीतल्या त्रिएस्त शहरात संसार मांडला. जॉईस तिथे बर्लिट्झ शाळेत इंग्रजी शिकवायचा, रात्री लिहायचा आणि उधारीवर घर चालवायचा.

१९०७ मध्ये त्याला संधिवाताच्या तापाने गाठलं. अंथरुणाला खिळून राहावं लागलं. त्याच वर्षी जुलैमध्ये मुलगी झाली. तिचं नाव लुसिया. ख्रिस्ती परंपरेत संत लुसी ही दृष्टीची रक्षणकर्ती मानली जाते. ज्याचे डोळे आयुष्यभर सतावणार होते त्याच्या लेकीचं नाव असं असावं, हा विचित्र योगच.

त्याच सुमारास डोळ्यांना वारंवार सूज यायला लागली. या दुखण्याला आयरायटिस म्हणतात. डोळ्यातला काळा, तपकिरी किंवा निळा दिसणारा जो रंगीत पडदा असतो, त्याला येणारी ही सूज. डोळा लालबुंद होतो, उजेड सहन होत नाही, आत ठणका लागतो. जॉईसला हे का व्हायचं यावर डॉक्टर आणि अभ्यासक आजही वाद घालतात. पण ही सूज परत परत येत राहिली आणि तिने मागून काचबिंदूला बोलावलं, हे मात्र नक्की.

काचबिंदू म्हणजे नेमकं काय, हे इथेच बघून घेऊ.

डोळ्याच्या आत सतत थोडं थोडं पाणी तयार होत असतं. हे अश्रू नव्हेत. हे आतल्या आत फिरतं आणि रंगीत पडद्याच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून निघून जातं. न्हाणीघराची कल्पना करा. नळ चालू आहे आणि मोरीची जाळी मोकळी आहे, तोवर ठीक. जाळी तुंबली की पाणी साचतं. डोळ्यात असं साचलं की आतला दाब वाढतो. हा दाब डोळ्याच्या मागच्या नसेवर पडतो आणि नस हळूहळू मरत जाते. नजर आधी कडेने जाते, म्हणून माणसाला समोरचं दिसत राहतं आणि पत्ताच लागत नाही. काही जणांमध्ये दाब नेहमीच्या मर्यादेत दिसत असूनही नस खराब होते, तिथेही उपाय दाब आणखी खाली आणण्याचाच असतो.

मोतीबिंदू वेगळा. त्यात डोळ्यातली लेन्स गढूळ होते, ऑपरेशन करून ती बदलता येते आणि नजर परत मिळते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. दोन्हींच्या शेवटी बिंदू आहे म्हणून कित्येक लोक काचबिंदूही पिकू दे, मग बघू, असं म्हणत बसतात. तोपर्यंत उशीर झालेला असतो.

बहुतेकांचा काचबिंदू असा गुपचूप येतो. जॉईसचा मात्र गाजावाजा करत आला.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्रिएस्त ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं. ब्रिटिश पासपोर्टवाल्या जॉईसला तिथे राहणं अवघड झालं. १९१५ मध्ये तो बायको आणि दोन मुलांना घेऊन तटस्थ स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला आला. युलिसिस या कादंबरीचं काम जोरात सुरू होतं. १९१७ च्या सुरुवातीला काचबिंदूचा पहिला मोठा झटका आला. मग ऑगस्टमध्ये झुरिकच्या बानहोफस्ट्रासे या गजबजलेल्या रस्त्यावर चालताना डोळ्यात अशी कळ आली की त्याला जागचं हलताही येईना. वय अवघं ३५.

काही दिवसांतच, २४ ऑगस्ट १९१७ ला, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. रंगीत पडद्याचा छोटासा तुकडा कापून पाण्याला वाट करून द्यायची, अशी ही पद्धत होती. बर्लिनचे डॉक्टर आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ यांनी ती १८५० च्या दशकात काचबिंदूसाठी आणली होती. त्याआधी काचबिंदू म्हणजे आंधळेपण, हे जवळपास ठरलेलंच असायचं. जॉईसचा दाब उतरला, पण उजव्या डोळ्याची नजर कायमची कमी झाली. ऑपरेशननंतर तो मनानेही पार खचला. थंडी टाळायला कुटुंब काही महिने लोकार्नोला जाऊन राहिलं.

आता येऊ थेंबांकडे.

जॉईसच्या काळात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दोन तऱ्हेचे थेंब होते. एक डोळ्याची बाहुली मोठी करणारे, दुसरे बाहुली बारीक करणारे.

बाहुली मोठी करणाऱ्यांत अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही औषधं. ती येतात बेलाडोना आणि त्याच्या भाऊबंदांकडून. आपल्याकडे शंकराला वाहिला जाणारा धोतरा याच कुळातला. धोतरा तोडून तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होते आणि जवळचं धूसर दिसायला लागतं, ते याच द्रव्यांमुळे.

बाहुली बारीक करणाऱ्या थेंबाची कथा तर याहून भन्नाट. आजच्या नायजेरियातल्या कॅलाबार भागात एक विषारी बी मिळायची. एखाद्यावर गुन्ह्याचा किंवा चेटकाचा आळ आला की त्याला ही बी खायला लावायचे. जगला तर निर्दोष, मेला तर दोषी. ही बी स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला पोचली. १८६३ मध्ये तिथल्या डग्लस आर्गिल रॉबर्टसन या डॉक्टरने दाखवून दिलं की तिच्या अर्काने बाहुली बारीक होते. १८७६ मध्ये स्ट्रासबर्गचे डॉक्टर लुडविग लाक्योर यांनी त्याच बीमधलं औषध काचबिंदूवर वापरून डोळ्याचा दाब उतरवला. लाक्योर यांना स्वतःला काचबिंदू होता. त्याच काळात ब्राझीलच्या जाबोरांडी झुडपातून पायलोकार्पिन मिळालं आणि पुढची शंभर वर्षं ते काचबिंदूचं मुख्य औषध बनून राहिलं.

म्हणजे जॉईसच्या वेळी काचबिंदूवर थेंब उपलब्ध होते. मग अडलं कुठे?

अडलं असं की जॉईसला एकाच डोळ्यात दोन दुखणी होती आणि दोन्हींची औषधं एकमेकांच्या विरुद्ध होती.

सूज आली की रंगीत पडदा मागच्या लेन्सला चिकटायला बघतो. तो चिकटू नये म्हणून बाहुली मोठी ठेवायची, म्हणजे अॅट्रोपिन किंवा स्कोपोलामिन टाकायचं. पण पडदा असा गोळा होऊन कडेला सरकला की तो पाणी जाण्याची जागा अडवू शकतो आणि दाब भडकू शकतो. दाब भडकला की बाहुली बारीक करणारं औषध हवं. पण सुजलेल्या डोळ्यात बाहुली बारीक केली की पडदा चिकटण्याची भीती. इकडे आड, तिकडे विहीर.

डोळ्याच्या आतला दाब मोजायचं बऱ्यापैकी विश्वासू यंत्र तेव्हा नुकतंच रुळत होतं. सूज उतरवणारी स्टेरॉइड्स औषध म्हणून वापरात यायला अजून काही दशकं होती. डॉक्टर हुशार होते, पण हातात हत्यारं हीच.

१९२० मध्ये जॉईस कुटुंबासह पॅरिसला आला. १९२१ च्या उन्हाळ्यात युलिसिसची प्रुफं तपासायचं काम आणि डोळ्यांचा झटका एकदमच आले. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून काढावे लागले. तरी गडी प्रुफांवरच नवीन मजकूर वाढवत राहिला. अखेर २ फेब्रुवारी १९२२ ला, चाळिसाव्या वाढदिवसाला, सिल्विया बीच या पॅरिसमधल्या अमेरिकन पुस्तक विक्रेतीने युलिसिस छापून आणली. या कादंबरीत एक आंधळा तरुण काठी टेकत डब्लिनच्या रस्त्यावर येतो आणि नायक ब्लूम त्याला रस्ता ओलांडून देतो. हे लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या उद्याची भीती वाटत नसेल, असं म्हणवत नाही.

त्याच वर्षी डोळे पुन्हा बिघडले. सिल्विया बीच त्याला डॉक्टर लुई बोर्श यांच्याकडे घेऊन गेल्या. ऑक्टोबरमध्ये नीस शहरात असताना तिथल्या डॉक्टरने डोळ्याजवळ जळवा लावून रक्त काढलं आणि वर डायोनिन नावाचे झोंबणारे थेंब दिले. दातांतल्या पू-संसर्गाने डोळे बिघडतात, असा तेव्हा समज होता. म्हणून १९२३ मध्ये जॉईसचे दात उपटले गेले. १९२३ ते १९२५ या तीन वर्षांत बोर्श यांनी डाव्या डोळ्यावर ऑपरेशनमागून ऑपरेशन केली. आधी रंगीत पडद्यावर, मग मोतीबिंदूवर, मग मागे राहिलेल्या पडद्यांवर.

या दिवसांतला जॉईस फोटोंमधून जगाला माहीत आहे. जाड चष्मा, एका डोळ्यावर काळी पट्टी. तो मोठाल्या कागदांवर जाड पेन्सिलीने आणि रंगीत खडूने मोठी मोठी अक्षरं काढायचा. लिहिताना पांढरा कोट घालायचा, म्हणजे तेवढाच उजेड कागदावर परत पडेल. १९२३ मध्ये सुरू केलेलं फिनेगन्स वेक हे शेवटचं पुस्तक पूर्ण व्हायला १९३९ उजाडलं. त्यातला काही भाग त्याने तोंडी सांगितला आणि तरुण सॅम्युएल बेकेटने लिहून घेतला. याच बेकेटला पुढे साहित्याचं नोबेल मिळालं.

१९२९ मध्ये डॉक्टर बोर्श वारले. मित्रांच्या सांगण्यावरून जॉईस झुरिकचे आल्फ्रेड फोग्ट यांच्याकडे गेला. फोग्ट हे त्या काळातलं डोळ्यांतलं फार मोठं नाव. मे १९३० मध्ये त्यांनी डाव्या डोळ्यावर ऑपरेशन केलं आणि त्या डोळ्याला कामापुरती नजर परत मिळाली. उजव्या डोळ्याकडे लक्ष ठेवणं गरजेचं होतं.

पण पुढची दोन वर्षं जॉईसच्या घराने माणसाला उसंत मिळू नये अशीच काढली. १९३१ च्या डिसेंबरमध्ये वडील गेले. १९३२ च्या फेब्रुवारीत, जॉईसच्या पन्नासाव्या वाढदिवशी, लुसियाने आईवर खुर्ची फेकली आणि तिचं मानसिक आजारपण सगळ्यांसमोर आलं. ज्या लेकीचं नाव दृष्टीच्या संताचं, तिच्या काळजीत बापाचे डोळे मागे पडले. डॉक्टरांकडची तपासणी लांबत गेली. १९३२ च्या उन्हाळ्यात तो फोग्ट यांच्यापुढे पुन्हा बसला तेव्हा उजवा डोळा खूपच बिघडलेला होता. त्या डोळ्याचं पुन्हा ऑपरेशन शेवटपर्यंत झालं नाही.

घरात दुसरं कुणी आजारी असलं की स्वतःचं औषधपाणी बाजूला पडतं. झुरिक असो की वर्तकनगर, हे घडतंच. नातवाची परीक्षा, सुनेचं बाळंतपण, भावाचं ऑपरेशन. काचबिंदू मात्र कुणासाठी थांबत नाही.

दुसरं महायुद्ध पेटल्यावर जॉईस कुटुंब पुन्हा झुरिकला पळालं. १३ जानेवारी १९४१ ला आतड्यातला अल्सर फुटून जॉईसचा तिथेच मृत्यू झाला. वय ५८. त्याला पुरलंही झुरिकमध्येच, फ्लुंटर्नच्या स्मशानात.

जॉईस गेल्यानंतर थेंबांचं जग बदललं. १९७८ मध्ये टिमोलॉल अमेरिकेत बाजारात आलं. हे डोळ्यातला नळच थोडा बंद करतं, म्हणजे पाणी कमी तयार होतं. बाहुलीला ते हात लावत नाही. १९९६ मध्ये लॅटानोप्रोस्ट आलं. ते पाणी बाहेर जायची वाट मोकळी करतं आणि दिवसातून एकदाच टाकावं लागतं. डॉर्झोलामाइड, ब्रिंझोलामाइड, ब्रिमोनिडिन अशी आणखीही औषधं आहेत. लेसर आहे, सुधारलेली ऑपरेशन्स आहेत. जॉईसला जे मिळालं नाही ते आज ठाण्यातल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं.

पण त्याच्या गोष्टीतले धडे जुने झालेले नाहीत.

पहिला धडा, डोळ्याचा प्रत्येक थेंब वेगळा असतो. एका दुखण्याचं औषध दुसऱ्याला मारक ठरू शकतं. आज सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो स्टेरॉइडच्या थेंबांनी. डोळा लाल झाला, खाज आली की मेडिकलमधून थेंब आणायचे आणि बरं वाटतंय म्हणून महिनोन्महिने टाकत राहायचे. काही लोकांमध्ये याच थेंबांनी डोळ्याचा दाब वाढतो आणि चांगल्या डोळ्याला काचबिंदू होतो. अॅलर्जीने सतत डोळे चोळणाऱ्या लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच सांभाळायला हवं. शेजारच्या काकूंचे थेंब, मागच्या वर्षीची उरलेली बाटली, दोन्ही बंद.

दुसरा धडा, डोळ्यात टाकलेलं औषध डोळ्यातच राहत नाही. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक बारीक नळी असते, ती नाकात उघडते. थेंब टाकल्यावर घशात कडू लागतं ते त्यामुळेच. तिथून औषध थेट रक्तात जातं. म्हणूनच टिमोलॉलच्या एका थेंबाने दम्याच्या पेशंटला धाप लागू शकते, ज्यांचे ठोके आधीच मंद आहेत त्यांचे आणखी मंद होऊ शकतात. डायबिटीसवाल्यांची साखर उतरली तर छातीत धडधडण्याची खूण लपू शकते. ब्रिमोनिडिनने झोप येऊ शकते आणि तान्ह्या बाळांना ते देतच नाहीत. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना दमा, हृदय, डायबिटीस सगळं सांगायचं. आणि इतर डॉक्टर कोणती औषधं चालू आहेत विचारतील तेव्हा डोळ्याचे थेंबही त्यात मोजायचे.

तिसरा धडा टाकायच्या पद्धतीचा. आधी साबणाने हात धुवा. मान मागे करा किंवा सरळ आडवे व्हा. खालची पापणी बोटाने ओढून छोटी खोबण करा. वर बघा आणि त्या खोबणीत एकच थेंब सोडा. बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला, बोटाला लागू देऊ नका, नाहीतर जंतू बाटलीत जातात. मग डोळे हलकेच मिटा, उघडझाप करू नका आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक ते दोन मिनिटं दाबून धरा. त्याने औषध डोळ्यात जास्त राहतं आणि अंगात कमी जातं. बाहेर ओघळलेलं टिपून घ्या.

एक थेंब पुरतो. डोळ्यात एका थेंबाएवढीही जागा नसते, दुसरा थेंब गालावरच येतो आणि बाटली लवकर संपते. लॅटानोप्रोस्टसारखं औषध दिवसातून एकदाच टाकायचं, जास्त वेळा टाकलं तर त्याचा परिणाम उलट कमी होऊ शकतो.

दोन वेगवेगळे थेंब असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा आणि डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर पंधरा मिनिटांनी परत घाला. हात थरथरत असेल, नेम चुकत असेल तर घरातल्या कुणीतरी टाकून द्यावं. यात कमीपणा काही नाही.

चौथा धडा बाटलीचा. उघडल्याची तारीख पेनने बाटलीवर लिहा. बहुतेक बाटल्या उघडल्यावर साधारण महिनाभरात टाकून द्यायच्या असतात, नेमकी मुदत खोक्यावर असते. काही थेंब न उघडलेले असताना फ्रीजमध्ये ठेवायचे असतात, फ्रीझरमध्ये मात्र कधीच नाही. आणि बाटली संपायच्या चार दिवस आधी दुसरी आणायची. महाग पडत असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, स्वस्त पर्याय निघू शकतो. गपचूप बंद करणं सगळ्यात महाग पडतं.

थेंब राहून गेला तर आठवेल तेव्हा टाका. पुढच्या थेंबाची वेळ जवळ आली असेल तर तो एक सोडून द्या, दुप्पट टाकू नका. दात घासणं, देवापुढे दिवा लावणं, मोबाइलचा अलार्म, अशा कुठल्यातरी रोजच्या गोष्टीला थेंब बांधून टाकला की विसर पडत नाही.

काही थेंबांनी डोळे थोडे लाल होतात, चुरचुरतात, पापण्यांचे केस लांब होतात, बुबुळाचा रंग गडद होऊ शकतो. त्रास होत असेल तर डॉक्टर औषध बदलून देतात. आपल्या मनाने बंद करायचं नाही. तपासणीच्या दिवशी, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर, थेंब नेहमीसारखे टाकूनच जायचं. नाहीतर दाब खोटा वाढलेला दिसतो आणि उगाच आणखी एक औषध वाढतं. बाटल्या सोबत न्यायच्या.

आणि पाचवा धडा, तारीख चुकवायची नाही. काचबिंदू वाढतोय की थांबलाय हे पेशंटला कळत नाही, ते दाब मोजून, नस बघून आणि नजरेचा घेर तपासूनच कळतं. घरात एकाला काचबिंदू असेल तर सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनीही तपासून घ्यावं. चाळिशीनंतर फक्त चष्म्याचा नंबर काढून थांबू नये.

एक खूण मात्र कायम लक्षात असू द्या. अचानक डोळ्यात प्रचंड कळ, लाली, डोकेदुखी, उलटी, धूसर दिसणं आणि दिव्यांभोवती रंगीत वर्तुळं, असं काही झालं तर पित्त झालंय म्हणून घरी झोपायचं नाही. जॉईसला झुरिकच्या रस्त्यावर जागीच थांबवणारी कळ याच जातीची होती. अशा वेळी त्याच तासाला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

जॉईसने अर्ध्यामुर्ध्या नजरेत युलिसिस संपवली, त्याहून कमी नजरेत फिनेगन्स वेक लिहिलं. त्याच्या डॉक्टरांकडे आजच्यासारखा थेंब असता तर त्याचे किती दिवस वाचले असते, हे सांगता येत नाही. वर्तकनगरच्या त्या फ्रीजमध्ये मात्र तो थेंब आहे. आज रात्री जेवण झाल्यावर बाटली बाहेर काढा, तिच्यावर उघडल्याची तारीख आहे का बघा आणि आजोबांच्या डोळ्यात एक थेंब नीट टाकून द्या. मग दोन मिनिटं डोळे मिटून बसा म्हणावं. सिरियल कुठे जात नाही.